वळणावरचं ग्रीस

माझ्या धाकट्या भावाने ती पिकअप घेतली तेव्हा घरात कुणालाच ती नको होती. त्याने ती उंच करून आणली तेव्हा तर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आमचं घर दुर्गजवळच्या जुनवानीत, आणि गल्ली अशी, की समोरून स्कूटर आली तर एकाने नालीच्या फरशीवर पाय टेकवून वाट द्यायची. त्या गल्लीत हे धूड. रायपूरच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये स्प्रिंगांशी खटपट करून तिला वर उचललं, मूळचे टायर काढून ट्रॅक्टरला शोभतील असे रुंद टायर चढवले, आणि ती दारात उभी राहिली तेव्हा आमच्या पुढच्या खोलीतला उजेड गेला.

"दीदी, रोड पे प्रेझेन्स तर पाह्य," तो म्हणाला.

"प्रेझेन्स पाह्यजे होता तं चौकात हवालदार व्हायचं होतं," मी म्हटलं.

मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. आई गेल्यापासून घरातली भांडणं माझ्या वाट्याला आली, ती मी मन लावून करते. घरात आम्ही चौघं: बाबा, मी, कारखान्यात शिफ्टची नोकरी करणारा हा भाऊ, आणि त्याची बायको. तिचं माहेर आमगावकडचं. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी बोलायची, की शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे रेडिओ आणला वाटतं.

गाडी पहिल्या दिवसापासून घासायची. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळताना स्टीअरिंग पुरतं फिरवावं लागे, आणि तेवढ्यात पुढच्या डाव्या चाकाच्या वरून आवाज येई. आधी लांब 'खर्रर्र', आणि शेवटी एक बारीक 'टप्'. कुणीतरी पोतं ओढत आणावं आणि उंबऱ्याशी अडकावं तसा. चाकाच्या वर जे काळं प्लास्टिकचं अस्तर असतं त्याला टायर लागत होता. महिन्याभरात घराला त्या आवाजाची सवय झाली. वहिनी तो ऐकून तवा चढवायची. गल्लीतलं कुत्रं तो ऐकून उठून बाजूला व्हायचं. मी मात्र दर वेळी दात आवळायचे.

घासण्याने काही बिघडतं का, यावर आमच्या ओसरीवर जितक्या चर्चा झाल्या तितक्या माझ्या लग्नावरही झाल्या नव्हत्या. भावाचे मित्र म्हणायचे, थोडा तो सबका घिसता है. ज्याच्याकडे अशी गाडी आहे तो म्हणे, फुल वळणावरच लागतं ना, मग सोड. ज्याच्याकडे नाही तो म्हणे, टायर फाटेल एक दिवस. मोबाइलवर एक माणूस सांगायचा, की हेअर ड्रायरने अस्तर गरम करून आत दाबा. भावाने बायकोचा हेअर ड्रायर नेला. ड्रायर जळाला, अस्तर तसंच राहिलं.

मलाही कदाचित पुढे त्याचं काही वाटेनासं झालं असतं. पण वहिनीला दिवस गेले.

आदल्या वर्षी तिचं एक गेलं होतं, पाचव्या महिन्यात. दवाखान्यातून आल्यावर ती बोलायचीच थांबली. आम्ही कुणी तो विषय काढत नव्हतो, आणि ती कपाटातलं एक गाठोडं कुणाला हलवू देत नव्हती. त्यात झबली होती. आता पुन्हा दिवस गेले, पाचवा महिना सरला, आणि ती जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरू लागली. पहिलं बाळंतपण माहेरी. तिच्याकडे तोच रिवाज, आमच्याकडेही तोच. सातव्यात ओटी भरायची आणि मग आमगावला पोचवायचं, हे ठरलेलं होतं. कशाने पोचवायचं हेही भावाने ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी मी वह्या तपासत होते. ती शेजारी येऊन बसली.

"ताई, ते घासते ना गाडीचं, त्यानं काही होत तं नाई ना?"

"तू त्यालेच विचार."

"विचारलं. हसले. तुमी मामाजीले म्हणा ना, एकडाव पाह्याले."

मामाजी म्हणजे माझे बाबा, तिचे सासरे.

बाबांनी सगळी नोकरी रेल्वेच्या मालडब्यांत काढली. चरोद्याच्या यार्डात गाडी शिरताना रुळाच्या कडेला उभं राहायचं, आणि डबे समोरून जात असताना चाकांचा आवाज ऐकायचा. कुठला डबा आजारी आहे हे आवाजावरून ओळखायचं, गाडी थांबली की त्या डब्यावर खडूने फुली मारायची आणि तो तोडून बाजूला काढायचा. अशा डब्याला त्यांच्याकडे 'सिक' म्हणत. फुली मारलेला डबा साहेबसुद्धा हलवू शकत नाही, हे बाबा आम्हाला इतक्यांदा सांगत, की लहानपणी आम्ही शाळेला दांडी मारायची असली की कपाळावर खडूने फुली काढून घ्यायचो. चाकाच्या धुऱ्याचा कप्पा तापला आहे का हे ते हाताच्या मागच्या बाजूने पाहत. तळहाताने नाही. चटका बसला तरी तळहात कामाचा राहिला पाहिजे, हा त्यांचा हिशोब. आमचा ताप, इस्त्री, दुधाचं पातेलं, सगळं घरात हाताच्या पाठीनेच पाहिलं गेलं.

निवृत्तीनंतर हे सगळं ऐकायला कुणी उरलं नाही. भाऊ तर त्यांच्याशी महिनोन्‌महिने 'हो', 'नाही' आणि 'जेवलात?' एवढंच बोलायचा. बाबांना थोडं कमी ऐकू येतं असं आम्ही म्हणायचो. टीव्ही मोठ्याने लावायचे आणि म्हणायचे, आजकालच्या टीव्हीचे स्पीकरच बोगस. कान दाखवू या म्हटलं की चिडायचे. "माह्या कानावर रेल्वेनं पगार देल्ला," म्हणायचे.

बायकोने धरलेल्या हट्टापायी भावाने अखेर त्यांना गाडीपाशी नेलं. बापाला काही विचारायची त्याची ही कित्येक वर्षांतली पहिली वेळ. बाबांनी घरातल्या बनियनवर धुतलेला शर्ट चढवला. ते चाकाजवळ उकिडवे बसले, मान तिरपी केली. भावाने खिडकीतून डोकं बाहेर काढून स्टीअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी पुढे घेतली. खर्रर्र, टप्. बाबा भावाच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी हात वर केला, गाडी थांबवताना करायचे तसा.

"फ्लँज हाये, चाकाची कड," ते म्हणाले. "वळणावरची. रुळाचं चाक असो का रबराचं, वळणावर घासनच. सरळ लाईनवर घासलं तं मंग भ्यायचं. गँगवाले वळणावर रुळाले ग्रीस लावते ना, तसं लाव. चूप होते."

"ग्रीस?" मी म्हटलं. "बाबा, रबर आहे ते."

"तू थांब व बाई."

आईने मला शिकवलं होतं, की कुकरच्या रिंगला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, रिंग फुगते आणि मऊ पडते. मी ते तिथेच सांगितलं. भाऊ खो खो हसला. "कुकर आणि ट्रक! दीदी, तुझं पण ना." आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा ने बोल दिया, खतम बात." बाबांच्या खांद्यावर त्याने हात ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला राग आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की माणूस गप्प बसतो. मीही बसले.

ग्रीस बाबांनी स्वतः लावलं. डबा आणला, जुन्या बनियनची चिंधी केली आणि अस्तराला आतून जाड थर दिला. भावाने गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन परत आणली. गल्लीत वळताना काहीच आवाज आला नाही.

"काय म्हटलं होतं?" बाबा मला म्हणाले.

मग तो नेमच झाला. दर रविवारी सकाळी बाप-लेक चाकापाशी. बाबा ग्रीस लावायचे, भाऊ शेजारी उभा राहून चहा प्यायचा, बोलायचा. बाबा नुसते मान हलवायचे. पण त्यांची पाठ ताठ झाली होती. वाण्याच्या दुकानात जाऊन ते वळणावरची फ्लँज समजावून सांगू लागले.

मला ती शांतता सोसेना. आधी भाऊ घरी येतो आहे हे कळायचं. आता वहिनी ओट्याशी उभी असायची, आणि खिडकी एकदम अंधारून यायची. गाडी येऊन उभी राहिलेली असायची आणि कुणाला पत्ता नसायचा. एकदा तिच्या हातून वाटी पडली. गल्लीतलं कुत्रं एका संध्याकाळी उठलंच नाही. जिवावर बेतलं नाही, पण त्याचा मागचा पाय गेला. भाऊ म्हणाला, म्हातारं झालं आहे. मी म्हटलं, त्याला ऐकू आलं नाही. त्या वेळी मी जे बोलले ते कुत्र्याबद्दल बोलले होते.

एकदा मी चाकाच्या आत वाकून पाहिलं. काळं ग्रीस, त्यात रस्त्याची वाळू, कारखान्याकडची लालसर धूळ, सगळं मिळून एक लापशी झाली होती. चिमटीत घेऊन चोळली तर बोटांना खरखरली. पितळी भांडी घासायला आपण राख घेतो, तशी. मी भावाला ते बोट दाखवलं. त्याने मला टिश्यू पेपर दिला.

सातव्यात ओटी भरली. मोहन नगरहून काकू आल्या, शेजारणी आल्या. वहिनीला पाटावर बसवून हिरवी साडी दिली. तिचं तोंड बरेच दिवसांनी उजळलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळं ठीक आहे, फक्त हादरे नकोत. मी भावाला म्हटलं, ट्रेनने नेऊ. आपलं घर रेल्वेचं, आपल्याला काय लाज? दुर्गहून बसलं की गोंदियाच्या आधी आमगाव. बाबांनीही मान वर केली, कारण शेवटचं मी त्यांच्याकडे तोंड करून बोलले होते. "हो, ट्रेन बरी," ते म्हणाले.

"सासरवाडीले मी ट्रेननं उतरू?" भाऊ म्हणाला. "एवढी गाडी दारात ठेवून? अन् बाबा, तुमीच तं फिट म्हटली ना गाडी."

बाबांनी मान खाली घातली आणि मग हलवली. हो, म्हटली होती.

निघालो ती सकाळ स्वच्छ होती. मागे तांदळाचं पोतं, लाडवांचे डबे, दोन ट्रंका, पाळणा, आणि भावाने हौसेने घेतलेली लोखंडी खाट. एवढं भरल्यावर गाडी बसली. इतकी उंच केलेली गाडी, पण पुढच्या डाव्या चाकावर मडगार्ड टेकल्यासारखं दिसत होतं. मी ते म्हटलं. भाऊ म्हणाला, "दीदी, आज तरी नको." खरंच, आज तरी नको असं मलाही वाटलं. वहिनीला चढता येईना म्हणून ओटीचाच पाट आणून खाली ठेवला. त्यावर पाय देऊन ती पुढच्या सीटवर बसली. पुढची डावी सीट. म्हणजे नेमकी त्याच चाकाच्या मागे. मी आणि बाबा मागच्या सीटवर, पाट माझ्या पायाशी.

शिवनाथचा पूल गेला, राजनांदगाव मागे पडलं. गाडी चूप होती. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, खुशीत होते. रस्ता सरळ, दोन्हीकडे जंगल सुरू झालं, आणि मला वास येऊ लागला. कढईत तेल जास्त तापावं तसा. मी म्हटलं, वास येतो. भाऊ म्हणाला, समोरच्या ट्रकचा. ट्रक वळून गेला. वास गेला नाही. गतिरोधक आला, की माझ्या तळपायाखाली गाडीचा तळ किंचित थरथरायचा. आवाज नाही, नुसती थरथर. बाबा म्हणाले होते, सरळ लाईनवर घासलं तर भ्यायचं. पण घासतंय हे कळायला आवाज लागतो, आणि आवाज आम्ही दर रविवारी बंद करत होतो. मी वहिनीच्या सीटची पाठ धरून बसले. मला तेव्हा भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगून उपयोग नव्हता.

बाघनदीच्या अलीकडे वहिनी म्हणाली, "अहो, थांबा ना कुठं. पाय मोकळे करते." ती तसं म्हणाली नसती तर आम्ही थांबलो नसतो. भाऊ एका दमात आमगाव गाठणार होता.

ढाब्याच्या अंगणात मोठं कडुलिंबाचं झाड, खाली दोन खाटा. पाट ठेवून वहिनीला उतरवलं, खाटेवर बसवलं. बाबा दुसऱ्या खाटेवर, गाडीकडे पाठ करून. चहा सांगितला. मी गाडीला वळसा घालून गेले आणि उजव्या चाकाला हाताची पाठ लावली. कोमट. मग डाव्या चाकाला लावली आणि हात झटकन मागे घेतला.

मी साडी सावरून खाली वाकले. आत हात घातला. अस्तराचं प्लास्टिक जागेवर नव्हतंच. ते झिजून झिजून त्याला मोठं भोक पडलं होतं आणि मागच्या पत्र्याची धार उघडी पडली होती. त्या धारेसमोर टायरच्या बाजूला सगळीकडून एक चीर गेली होती, सुरीने भोपळ्याला मारावी तशी. ग्रीस पुसून पाहिलं तर चिरेत पांढरट काहीतरी दिसलं. बोटाने चाचपलं. दोरे होते. टायरच्या आतले दोरे.

मी भावाला बोलावलं. त्याने पाहिलं. त्याचा रंग उतरला हे मी पाहिलं, पण जीभ माघार घ्यायला तयार नव्हती.

"एवढ्यानं काही होत नाही. हळू नेतो. थोडंच राहिलं."

"टायर बदल."

"स्टेपनी जुन्या मापाची आहे, दीदी. ती या चाकाच्या जोडीला लागत नाही."

"तं मंग गाडी येथून हलणार नाही."

"तू ठरवणार?"

"हो, मी ठरवणार. तुह्या बायकोच्या पोटात लेकरू आहे. ती या चाकावर बसून आली, आतापर्यंत. समजते का तुले?"

मी हे मोठ्याने बोलले. ढाब्यावरचे लोक पाहू लागले. वहिनीनेही ऐकलं, आणि तिने दोन्ही हात पोटावर घेतले. बाबांनी चहा बशीत ओतला.

सासरच्या वाटेवर, लोकांदेखत, बहिणीने असं बोलावं हे भावाला लागलं. "ठीक आहे, सावलीत तरी लावू देतेस का?" तो म्हणाला, चढला, गाडी सुरू केली. झाडाखाली घ्यायला त्याने स्टीअरिंग पूर्ण वळवलं. पुढे अंगणाच्या कडेला विटांचा बारीक उंचवटा होता. डावं चाक त्यावर चढलं.

बंदूक मी कधी ऐकलेली नाही. पण ढाब्याचा मालक नंतर म्हणाला, मला वाटलं गोळी झाली. झाडावरचे सगळे कावळे उडाले. भट्टीवरच्या माणसाच्या हातून झारा खाली पडला. वहिनी खाटेवरून अर्धी उठली. मी तिच्याकडे धावले, तिला धरलं, आणि तिच्या खांद्यावरून माझी नजर बाबांवर गेली.

बाबा चहा पीत होते.

बशी दोन्ही हातांत, फुंकर घालून, सावकाश. त्यांच्या पाठीमागे काही हातांवर तो टायर फुटला होता, गाडी एका बाजूला कलंडली होती, धूळ त्यांच्या खांद्यावर येऊन बसत होती. त्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती. त्यांनी एक घोट घेतला, मान वर केली, आणि आमची तोंडं पाहिली. मग बशी खाली ठेवून ते हळूहळू मागे वळले.

मला जे कळलं ते भावालाही तेव्हाच कळलं. तो दार उघडून उतरला होता आणि बाबांकडे पाहत उभा होता.

बाबा उठून चाकापाशी गेले. फाटलेल्या रबराला त्यांनी हाताची पाठ लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. चीर पाहिली, पत्रा पाहिला, आपलंच ग्रीस बोटावर घेऊन चोळलं. मग माझ्याकडे तोंड वर करून म्हणाले,

"तवा आवाज कसा होता व बाई?"

"आत्ताचा?"

"नाई. त्या दिवशीचा. म्या ऐकाले बसलो होतो तवाचा."

मी त्यांच्याजवळ बसले. आणि भर ढाब्यावर, लोकांसमोर, गणिताची मास्तरीण असलेल्या मी घशातून तो आवाज काढला. खर्रर्र. आणि मग टप्. त्यांचं लक्ष माझ्या ओठांवर होतं. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या तळव्यावर ठेवला, पुन्हा कर म्हणाले. मी बोटाने त्यांच्या तळव्यावर आधी ओढलं आणि मग टकटक केलं.

"हा टप् म्हणजे काठ लागून राहिला होता," ते म्हणाले. "अस्तरामागच्या पत्र्याचा काठ. हे घासणं नोहे, कापणं होय. हा डबा म्या कवाच सोडला नसता." त्यांनी बोटावरचं ग्रीस शर्टाला पुसलं. "मले आलाच नाई आवाज. त्यानं पहिल्यांदा काही विचारलं होतं. मले आला नाई असं कसं सांगू?"

भाऊ तिथेच, फुटलेल्या चाकाशेजारी, खाली बसला. एवढा दांडगा माणूस, बापाच्या पायाशी बसून रडला. बाबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, तिच्यातला चुना बोटावर घेतला आणि त्या गाडीच्या दारावर मोठी फुली मारली. आता तिचा काय उपयोग होता? पण ती मारल्याशिवाय त्यांना तिथून हलता येत नव्हतं.

वहिनीचा भाऊ दुपारी आपली साधी गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. ओटीचा पाट तिने आठवणीने मागून घेतला. तिला काही झालं नाही, लेकरालाही काही झालं नाही. हे मी आज एका ओळीत लिहिते आहे, पण त्या दिवसापासून तिचे दिवस भरेपर्यंत मी फोन वाजला की आधी देवाचं नाव घ्यायचे. आजही सरळ, गुळगुळीत रस्त्यावर गाडी फार शांत चालली की मला बसवत नाही. मी ड्रायव्हरला काहीतरी विचारते, नुसता आवाज व्हावा म्हणून.

मुलगी झाली. आम्ही बघायला ट्रेनने गेलो. बाबांना आता कानाचं यंत्र आहे, ते शर्टाच्या खिशात असतं. शिट्टी मारते म्हणतात. त्यांना खाटेवर बसवून वहिनीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. नवा माणूस पाहून पोरीने तोंड फाडलं आणि घर डोक्यावर घेतलं. बाबा तिच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हाताची पाठ हलकेच तिच्या छातीवर ठेवली, ठेवूनच दिली, आणि भावाकडे पाहिलं.

"रडून राहिली का?"

"हो, बाबा."

"कसा आहे आवाज?"

भाऊ त्यांच्या समोर, अगदी जवळ जाऊन बसला, आणि तो कसा आहे ते त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश सांगू लागला.